चिमूटभर सुवास

माझा मुलगा लष्करात. गेल्या दिवाळीला पाटोद्याला आला तो जम्मूकडच्या भद्रवाहची लॅव्हेंडरची वाळलेली फुले घेऊन. तिकडे मक्याच्या शेतांतून आता हीच फुलतात म्हणे! "आई, खिरीत घाल."

मी हौसेने मूठभर घातली. सासूबाई पहिल्याच घासाला म्हणाल्या, "अगं, ही खीर की साबण?" लेकाने मात्र वाटी निपटून खाल्ली.

तो गेल्यावर मला सुचले, दगडफूलही जास्त झाले की आमटी कडवटतेच! मग वाटीभर गरम दुधात चिमूटभरच फुले भिजवली, गाळली आणि ते दूध खिरीत घातले. खीर जमली, पण खाणारा नव्हता.

यंदा त्याला रजा नाही. डबीत दोन चिमटी उरल्यात. त्या मी मोडणार नाही.