वाढणाऱ्याचा चेहरा

कांजूरमार्ग स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की पाच मिनिटांवर एक मालवणी खानावळ आहे. सात टेबलं, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर, गल्ल्यावर मालकीणबाई आणि त्यांच्या डोक्यावर काळा फळा. फळ्यावर रोज सकाळी खडूने त्या दिवसाची मासळी लिहिली जाते. बांगडा, सौंदाळा, मोरी, तिसऱ्या. एखादी गोष्ट संपली की बाई उठतात आणि ओल्या बोटाने ते नाव पुसून टाकतात. दुपारी दोननंतर गेलं तर फळ्यावर फक्त पुसल्याचे पांढरे डाग आणि खाली 'सोलकढी' एवढंच उरलेलं असतं.

लग्न होऊन मी १९९६ साली कांजूरला आले, तेव्हापासून या खानावळीत जेवते आहे. त्या वेळी पूर्वेला क्रॉम्प्टन ग्रीव्हजचा कारखाना होता. पाळी सुटली की निळ्या कपड्यांतले कामगार जथ्याने यायचे, आणि बाईंच्या सासूबाई त्यांना नावानिशी हाक मारून वाढायच्या. कारखाना गेला, त्या आवारात टॉवर उभे राहिले. पलीकडे एलबीएस मार्गावर मेट्रोचे खांब आले. खानावळ मात्र आहे तिथेच राहिली. पवईतल्या ऑफिसातून शेअर रिक्षाने कांजूर पश्चिमेला यायचं, रेल्वेचा पूल चढायचा, पूर्वेला उतरायचं आणि घरी स्वयंपाक करण्याचं त्राण नसेल तर सरळ खानावळीत शिरायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

बाई मला आत येताना बघतात आणि मी बसायच्या आधीच सांगतात, "आज सुरमय खाव नको. बांगडो घे, ताजो असा." मी काही बोलत नाही. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं येतं, तांदळाची भाकरी येते. तिरफळाचा तो जिभेला मुंग्या आणणारा वास आला की दिवसभराचा शीण उतरतो. गेल्या वर्षी मी आजारी होते, दहा दिवस गेले नाही, तर अकराव्या दिवशी त्यांनी घरी पेजेचा डबा पाठवला. आपल्याला ओळखणारी खाण्याची जागा असणं ही या शहरात फार मोठी मिळकत आहे, असं मी सगळ्यांना सांगत आले. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीला तर फारच.

कारण मुलीला ओढ होती ती थीम कॅफेची. वाढदिवस आला की तिची यादी तयार असे. वर्सोव्यात मांजरींसोबत बसून कॉफी प्यायचं कॅफे निघालं तेव्हा ती तिथे जाऊन आली. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये मारिओ मिरांडांनी रंगवलेल्या भिंती तिने मला हौसेने दाखवल्या. त्या भिंती मलाही आवडल्या. पण मनात कायम एकच विचार असे. पोट भरायला चित्रं कशाला हवीत?

माझ्या आईच्या पंच्याहत्तरीला मुलीने मॉलमधलं एक कॅफे निवडलं. तिथली कल्पना 'जुनी मुंबई'. आजीला तिचं लालबाग दाखवायचं, असं तिच्या मनात होतं. दाराशी चाळीचा लाकडी कठडा होता, त्यावर वाळत घातलेली साडी, कोपऱ्यात ट्रंक आणि भिंतीवर पितळी नळ, खाली बादली. आई त्या नळापाशी थांबली. तिने चावी फिरवून बघितली. नळाला पाणी नव्हतं, भिंतीमागे पाइपच नव्हता.

"आमचा नळ पहाटे चारला यायचा," ती मुलीला म्हणाली. "तासभर. मी सात वर्षांची असल्यापासून रांगेत बादली लावायला जात होते."

वाढणाऱ्या मुलांना स्टेशनवरच्या हमालांचा लाल सदरा घातला होता आणि दंडावर पितळी बिल्ला. आमच्याकडे आलेला मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. पाऊण तास गेला तरी पदार्थ आले नाहीत, आले ते भलतेच. मी जरा आवाज चढवला. मॅनेजर धावत आला आणि आमच्यासमोरच त्या मुलाला नंबराने हाक मारून झापू लागला. बिल्ल्यावर जो आकडा होता तोच. मुलगा मान खाली घालून उभा. आईने हातातला चमचा खाली ठेवला. नंतर तिने काही खाल्लं नाही.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "माझ्या आईने खानावळ चालवली. चौदा-पंधरा गिरणीवाले होते जेवायला. कोणाचं गाव कुठलं, कोणाची बायको बाळंत झाली, कोणाला भेंडी चालत नाही, तिला सगळं पाठ होतं."

गिरणगावातल्या त्या खानावळी आईच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत दाटीवाटीने राहत, कुटुंब गावाला. त्यांचं दोन वेळचं जेवण चाळीतल्या बायका रांधत. पैसे महिन्याला, पगार झाल्यावर. किराणा मात्र रोज भरावा लागे, म्हणून या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा खानावळवाल्यांना एकत्र आणलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, गिरण्या मिटत गेल्या, माणसं भांडुप, कांजूर, कल्याण, डोंबिवलीकडे पांगली. माझ्या आजीची खानावळही त्यातच बंद झाली. तिच्या वहीत काही जणांची उधारी शेवटपर्यंत राहिली. ती वही आईने अजून ठेवली आहे. प्रत्येक पानावर नाव, त्याखाली गाव, मग हिशेब.

त्या दिवसानंतर थीम या शब्दाचाच मला राग आला. नळ आणला पण पाणी आणलं नाही, बिल्ला आणला पण हमालाचं नाव आणलं नाही, असं मी मुलीला ऐकवलं. आमच्या कांजूरच्या खानावळीत बघ, तिथे माणूस माणसाला ओळखतो, असंही म्हटलं. ती गप्प बसली. महिन्याभराने म्हणाली, "आई, आणखी एकदाच चल. तुझ्या ऑफिसजवळच आहे."

ते पवईत, हिरानंदानीत, २०१५ साली सुरू झालेलं 'मिर्ची अँड माइम'. तिथे वाढणारी मुलं-मुली ऐकू न येणारी, बोलू न शकणारी. मेन्यूकार्डात प्रत्येक पदार्थाच्या शेजारी हातांचं चित्र होतं. तो पदार्थ मागायचा तर हात कसे धरायचे, हे त्या चित्रात. तोंडाने सांगून उपयोग नाही.

आमच्या टेबलाशी एक तरुणी आली. तिने हसून नमस्कार केला आणि थांबली. मी सवयीने मेन्यूकार्डात डोकं घालून पदार्थाचं नाव मोठ्याने वाचलं. काहीच घडलं नाही. मी वर पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, शांतपणे, वाट बघत. तेव्हा मला कळलं की मी वर बघितल्याशिवाय इथे मला जेवण मिळणार नाही. मी कार्ड खाली ठेवलं, चित्र बघून बोटं जुळवली. माझा अंगठा चुकीचा होता. तिने स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी धरला आणि पुन्हा करून दाखवलं. मी पुन्हा केलं. तिने मान डोलावली आणि तिचा चेहरा उजळला. मग किती तिखट हवं, हे तिने निव्वळ भुवयांनी विचारलं, आणि मी निव्वळ चेहऱ्याने सांगितलं.

तासाभराच्या त्या जेवणात मी त्या मुलीच्या चेहऱ्याकडे जितक्या वेळा बघितलं, तितकं आयुष्यात कुठल्या वाढणाऱ्याकडे बघितलं नव्हतं. तिच्या डाव्या भुवईत बारीक व्रण होता. पदार्थ आवडला की नाही, हे ती पहिल्या घासालाच आमच्या तोंडावरून ओळखत होती. निघताना तिने 'आभार' कसे म्हणायचे ते शिकवलं. सरळ तळवा हनुवटीला लावायचा आणि समोरच्याकडे न्यायचा. मी तसं केलं. तिनेही केलं. रिक्षात बसल्यावर मी मुलीला म्हटलं, "तुझं बरोबर होतं." तिथे थीम भिंतीवर नव्हती. जेवायला येणाऱ्याला काहीतरी करायला लावणारी ती थीम होती, आणि ते करताना माणूस माणसाकडे बघत होता.

पुढे आम्ही जुहूच्या कॅफे अर्पणलाही जाऊन आलो. यश चॅरिटेबल ट्रस्टने २०१८ साली सुरू केलेल्या त्या कॅफेत स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेली मोठी माणसं काम करतात. आमच्याकडे आलेल्या तरुणाने आम्ही सांगितलेलं सावकाश लिहून घेतलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. मलाही सावकाश बोलावं लागलं. ती दहा मिनिटं घाईची नव्हती, आणि त्यामुळे मला बरं वाटलं.

या सगळ्यात माझे वडील फार आठवले. ते बॅलार्ड इस्टेटच्या एका कचेरीत होते. वर्षातून एकदा, बोनस झाला की, ते मला ब्रिटानियात न्यायचे. १९२३ पासूनचं ते इराणी रेस्टॉरंट. मालक बोमन कोहिनूर स्वतः टेबलाशी येऊन काय हवं ते विचारायचे. बेरी पुलाव पुढ्यात आला की त्यातले आंबट-लाल दाणे मी आधी वेचून खायचे. कोहिनूर २०१९ साली वारले, तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते, आणि अगदी म्हातारपणीही ते टेबलाटेबलापाशी थांबून गिऱ्हाइकांशी बोलत असत. वडील त्यांना उभं राहून नमस्कार करायचे. लहानपणी मला त्याचं नवल वाटे. जेवायला आपण पैसे दिले, मग उभं कशाला राहायचं? आज वाटतं, वडिलांना जे उमगलं होतं, ते मला पन्नाशीत शिकावं लागलं.

पवईहून आल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. नेहमीप्रमाणे पूल उतरून मी खानावळीत शिरले. बाईंनी बांगडा सांगितला. वाढणाऱ्याने ताट आणून ठेवलं आणि नेहमीसारखं विचारलं, "सोलकढी हाडू?"

हा माणूस सात वर्षं मला वाढत होता. चाळिशीचा, सडपातळ. मी त्याला 'भाऊ' म्हणायची, कधी नुसतंच 'अरे, जरा इकडे'. त्याच्या मालवणीवरून तो कुडाळ-सावंतवाडीकडचा असणार, असं मी कधीच ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी मी वर बघितलं. म्हटलं, "भाऊ, तुमचं नाव काय? गाव कुठलं?"

तो क्षणभर गोंधळला, काही चुकलं की काय असा. मग त्याने नाव सांगितलं आणि म्हणाला, "गंजाम. ओडिशा." बाईंच्या सासूबाईंनी त्याला कामावर घेतलं होतं. मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. त्या मालवणीतच बोलायच्या, म्हणून तो मालवणीच शिकला. गावात बायको आणि दोन मुली आहेत, थोरली यंदा दहावीला. घरी तोही बांगडा करतो, पण मोहरी वाटून. हे सांगताना त्याने उजव्या हाताने पाटा-वरवंट्याची खूण केली.

मी ताटावर बसून राहिले. सात वर्षं. त्याच्या हातचं मी शेकडो वेळा जेवले असेन. मला काय आवडतं, मी भाताआधी सोलकढी घेते की नंतर, मला कांदा चालत नाही, हे सगळं त्याला पाठ होतं. मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. मॉलमधल्या त्या मॅनेजरकडे निदान एक आकडा होता, माझ्याकडे तोही नव्हता. ही जागा मला ओळखते, याचा मला एवढा अभिमान होता, पण ओळख दोन्ही बाजूंनी असावी लागते, आणि माझी बाजू इतकी वर्षं रिकामी होती. माझ्या आजीने तिच्या वहीत आधी नाव, मग गाव आणि शेवटी हिशेब लिहिला. मी फक्त हिशेब चुकता करत आले.

आता मला थीम कॅफेचा राग येत नाही, आणि आपल्या जुन्या खानावळीचं नुसतं कौतुक करून माझं समाधानही होत नाही. जागा नवी की जुनी, भिंत रंगवलेली की कळकट, याने फारसं बिघडत नाही. आपण तिथे मान वर करून बसतो का, एवढंच बघायचं.

तुमच्या स्टेशनाबाहेरही अशी एखादी जागा असेल. वडापावची गाडी, उडप्याचं हॉटेल, मिसळीचं दुकान किंवा मुलांच्या आवडीचं एखादं चकचकीत कॅफे. पुढच्या वेळी गेलात की मोबाइल आणि मेन्यूकार्ड दोन्ही बाजूला ठेवा. ताट ठेवणाऱ्या हाताकडून नजर चेहऱ्याकडे न्या आणि आधी नाव विचारा, मग गाव. जेवणाची ऑर्डर त्यानंतर द्या.