मागून येणारं माणूस

रविवारी पहाटे वडील मला सिंहगडावर न्यायचे. आतकरवाडीतून पायवाट धरली की त्यांची पाठ तेवढी दिसायची, मग तीही नाही. वर ताकवाल्या मावशींपाशी ते थांबलेले असत. घाम वाळलेला, चेहरा प्रसन्न. मी धापा टाकत पोचले की म्हणायचे, "आलीस? चल." कॉलेजात पाय सुटले आणि ही पद्धत मी जशीच्या तशी उचलली. खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड चढताना तोलार खिंडीत बसायचं, मागचे दिसले की सॅक पाठीवर.

लग्नानंतर मेलबर्नला आले आणि रोगेनिंगशी गाठ पडली. इथल्या विद्यापीठाचा गिर्यारोहण क्लब १९४७ पासून २४ तासांची चालण्याची स्पर्धा घेई. त्यातून १९७६ मध्ये हा खेळ उभा राहिला. नकाशा सुरुवातीच्या जरा आधी मिळतो. जंगलभर नारंगी-पांढरी निशाणं टांगलेली असतात, प्रत्येकाचे गुण वेगळे. कुठली घ्यायची, कुठल्या क्रमाने, ते आपण ठरवायचं. जीपीएस चालत नाही. उशिरा परतलात तर गुण कापतात. संघ दोन ते पाच जणांचा, आणि प्रत्येक निशाणापाशी सगळ्यांनी एकाच वेळी वीस मीटरच्या आत यायचं. म्हणजे पुढे पळून काही पदरात पडत नाही.

माझी जोडीदार माझी नणंद. ताई माझ्याहून बरीच मोठी, चढावर संथ, उतारावर तर त्याहून संथ. मी धारेवर जाऊन थांबायची, ती आली की निघायची. एका लांब चढानंतर ती खोडावर बसलीच. म्हणाली, "अगं, तू थांबतेस तेव्हा तुझी विश्रांती होते. मी पोचते तेव्हा ती संपते. दिवसभरात मी एकदा तरी बसले का?"

नव्हती बसली. वेगवान माणसाला वाटतं, आपण थांबतो म्हणजे उपकार करतो. हिशेब नेमका उलटा असतो. तेव्हापासून थांब्याचं घड्याळ ताई पोचल्यावर सुरू होतं. ती पुढे चालते, मी मागे. पाणी, खाणं, जादा कपडे माझ्या पाठीवर. त्यामुळे माझा वेग आपोआप उतरतो. वाटाही बदलल्या. दरीत उतरून समोर चढण्यापेक्षा समान उंचीच्या रेषेने वळसा घालायचा. नव्वद गुणांचं निशाण एकटं शिखरावर असेल तर सोडायचं, खालच्या ओढ्याकाठची दोन-तीन छोटी घ्यायची.

यात गुण जातात. ताईच्या चालीने मला गवत दिसलं, पक्षी ऐकू आले वगैरे मी सांगणार नाही. एखादी जोडी धारेवरून पळत गेली की आजही माझ्या पोटऱ्या चुळबुळतात. निकालाच्या यादीत आमचं नाव मध्यावर कुठेतरी असतं, आणि वरची नावं मी वाचतेच.

रात्र मात्र ताईची. अंधारात पळणाऱ्यांचाही वेग पडतो, पावलं मोजत जावं लागतं, आणि तिचा वेग मुळात पडण्याइतका नसतोच. मध्यरात्री तळावर गरम सूप पोटात गेलं की मला तंबू दिसू लागतो. ती हेडटॉर्चची बॅटरी बदलत असते. एकटीला पुढे जाता येत नाही, म्हणून तिला माझ्यासाठी थांबावं लागतं.

नकाशा मिळाला की आम्ही त्यावर टाचण्या टोचतो आणि अंतराच्या प्रमाणात कापलेला दोरा फिरवून बघतो. दोरा नेहमी मी कापायचे, ताईच्या चालीचा अंदाज धरून. परवा तिने कात्री माझ्या हातातून घेतली आणि माझ्या खुणेच्या बराच पुढे कापला.

"एवढं होईल ताई?"

"झोपेचे तास धरलेत मी यात," ती म्हणाली. "तुझ्या."