खडे डबीत, पिशवी कुठे?

बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरात पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालेल्याला भेटायला गेलं की दोन प्रश्न ठरलेले: दुर्बिणीतून केलं का, आणि खडे किती निघाले? खड्यांची डबी हातोहात फिरते. पिशवी तपासायला पाठवली का, हे कुणी विचारत नाही.

*

दुर्बिणीची ओढ खोटी नाही. दुर्बिणीने केलं की लूमवर रोजंदारी करणारा माणूस लवकर कामावर जातो. जर्मनीत एरिख म्यूहेंनी 1985 साली दुर्बिणीने पहिली पिशवी काढली. भारतात 1990 साली, मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमतन उडवाडियांनी. खड्यांपुरता दुर्बीण की मोठी चीर हा वाद मिटला.

*

पित्ताच्या पिशवीच्या कॅन्सरपुरता तो मिटलेला नाही. ही पिशवी पातळ, आणि यकृताला चिकटलेल्या बाजूला तिला बाहेरचं आवरणच नसतं. म्हणून रोग आतल्या अस्तराच्या पुढे गेला की पिशवीबरोबर यकृताचा तुकडा आणि पित्तनळीजवळच्या गाठीही काढाव्या लागतात. काढताना पिशवी फाटली तर पित्तासोबत पेशी पोटात सांडतात. दुर्बिणीच्या छिद्रांच्या जागी गाठी उगवलेल्याही सर्जननी पाहिल्या. त्या धास्तीने, संशय आला की पोट उघडायचं, असाच बरीच वर्षं रिवाज होता. आता निवडक रुग्णांत मुरलेले हात हेच मोठं ऑपरेशन दुर्बिणीनेही करतात आणि पिशवी प्लॅस्टिकच्या थैलीत घालून बाहेर काढतात. चीर केवढी, यापेक्षा आतून काय काढलं ते विचारावं, असं मला वाटतं.

*

कॅन्सरचं उघडं ऑपरेशन ठरलेलं असलं तरी आधी दुर्बीण घालून बघतात. रोग पोटभर पसरलेला दिसला तर मोठी चीर वाचते.

*

खडेवाल्यांपैकी बहुतेकांना हा कॅन्सर कधीच होत नाही. (घरी हे आधी सांगावं, नाहीतर सोनोग्राफीच्या कागदावरून रडारड.) पण ज्यांना होतो त्यांच्यातल्या कित्येकांचा, खड्यांसाठी काढलेल्या पिशवीच्या रिपोर्टातच उघडा पडतो. अस्तरापुरता असेल तर झालेलं ऑपरेशन पुरतं. स्नायूत शिरला असेल तर बहुधा पुन्हा टेबलावर.

*

मग परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल. बुऱ्हाणपूरहून मुंबई रेल्वेने सुमारे 500 किलोमीटर. टाटामध्ये नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. पहिल्या ऑपरेशनची नोंद, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही लागतात. ते गावाकडच्या लॅबमधून मागून घ्यावेत, गाडीत बसण्याआधी.