पहिलं पान कुठलं?

भाईंदर (पूर्व)

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

फाइल उघडली की दर वेळी भलतंच पान समोर येतं, म्हणून परवा फोनवर कुरकुरत होतीस. फोनवर हे समजावणं म्हणजे डोकेफोड, म्हणून लिहूनच पाठवते.

एक्सेलचं यात काही चुकत नाही. सेव्ह करताना जे पान समोर होतं, तेच पुढच्या वेळी उघडतं. म्हणजे शेवटी ज्याचा हात लागला त्याची मर्जी. आमच्याकडे तो हात शेठचा. नवघर रोडच्या आतल्या गल्लीतला आमचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा तू पाहिला आहेस. पुढे ऑफिस, मागे बफिंग, आणि कितीही पुसली तरी कीबोर्डवर काळी पूड. शेठ रात्री उधारी बघतात, सेव्ह करतात आणि निघतात. सकाळी एखादा व्यापारी माझ्या शेजारच्या खुर्चीत टेकलेला असतो, मी फाइल उघडते, आणि सगळ्यांची येणी, किलोमागचे दर त्याच्यापुढे उघडे! डबे त्याला एका दराने आणि उल्हासनगरवाल्याला दुसऱ्या, हे कळलं की घासाघीस आलीच. म्हणून आमचं पहिलं पान ‘साठा’. ते कुणीही बघावं.

आता ठरलेलंच पान उघडावं म्हणून तू असं कर. ऑल्ट धरून एफ११ दाब. डावीकडच्या यादीत ‘धिस वर्कबुक’वर दोनदा क्लिक कर आणि वरच्या डाव्या चौकटीत ‘वर्कबुक’ निवड. ‘ओपन’च्या पहिल्या-शेवटच्या ओळी आपोआप येतात. मधे एकच ओळ लिहायची: पानाचं नाव, टिंब, ‘ॲक्टिव्हेट’. झाला मॅक्रो. मग फाइल ‘एक्सएलएसएम’ प्रकारात सेव्ह कर. साध्या प्रकारात केलीस तर मॅक्रो गळून पडेल.

गोची होते ती पानांच्या मराठी नावांनी. मॅक्रोच्या खिडकीला देवनागरी झेपत नाही. ‘विक्री’ लिहिलं की प्रश्नचिन्हांची रांग. तेव्हा टॅबवरचं नाव वापरूच नकोस. डावीकडच्या यादीत प्रत्येक पानाला ‘शीट१’, ‘शीट२’ असं आतलं नाव असतं, ते इंग्रजीत घाल, अवतरणचिन्हांशिवाय. मग कुणी टॅबचं नाव बदललं, पान पुढेमागे सरकवलं, तरी बिघडत नाही. शेठना दर दिवाळीला नावं बदलायची हौस आहे, त्यामुळे मला हे फार उपयोगी पडतं. यादीत आतल्या नावापुढे कंसात टॅबचं नाव असतं, पण तिथेही प्रश्नचिन्हंच दिसतात. तेव्हा कुठलं पान कुठलं हे कळायला टॅबचं नाव घटकाभर इंग्रजीत कर, बघून घे, आणि परत मराठी कर.

तुमच्या सीएच्या ऑफिसात गिऱ्हाईक काही तुझ्या स्क्रीनमध्ये डोकावत नाही. तिथे तारखेवर पान उघडलेलं बरं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचा जीएसटीआर-१ ११ तारखेपर्यंत जायचा, तोवर विक्रीचं पान. मग २०पर्यंत जीएसटीआर-३बीचं. पुढे तुला हवं ते. आजची तारीख बघून निवड करायला तीन-चार ओळी पुरतात.

मेलवरून आलेल्या मॅक्रोच्या फाइलवर मात्र मॅक्रो अडवल्याची लाल पट्टी येईल. १९९९च्या मार्चमध्ये ‘मेलिसा’ नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच जगभर पसरला होता. तरी मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो आपणहून अडवायला २०२२ साल उजाडलं. पाठवणारा खात्रीचा असेल तरच फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ कर.

आणि मोबाइलवर मॅक्रो चालतच नाही. शेठ विरार लोकलमध्ये मोबाइलवर फाइल उघडतात, तेव्हा माझी सगळी कारागिरी फुकट. त्यावर उपाय म्हणजे तीच ओळ ‘ओपन’ऐवजी ‘बिफोर सेव्ह’मध्ये घालायची, मग फाइल सेव्हच होते ती ठरलेल्या पानावर, मॅक्रो चालो न चालो. पण काम करता करता सेव्ह केलं की तेच पान पुढ्यात येऊन बसतं, आणि मी अशी वैतागते म्हणून सांगू! ज्या फाइली बाहेर पाठवायच्या, तेवढ्यांनाच हे कर.

यात लपवाछपवी साधते असं समजू नकोस. खालचा टॅब दाबला की उधारी दिसतेच. ती वेगळ्या फाइलमध्ये हवी, हे शेठना सांगून थकले.

तुमच्या साहेबांना आधी विचार, ऑफिसच्या मशिनवर मॅक्रो चालू देतील का ते. बऱ्याच ठिकाणी बंद करून ठेवतात. नाही म्हणाले तर सेव्ह करण्याआधी हव्या त्या पानावर येत जा, भागेल.

ताईला सांग, तिचं इडलीपात्र पॉलिशला गेलंय. नाशिकला येताना घेऊन येईन.

तुझी,
मावशी