हात न लावता

चैत्र लागला की धानोऱ्यात डोळे चुरचुरण्याच्या तक्रारी वाढतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. त्या धुरात घरच्या चुलीची भर. तक्रार घेऊन आलेली बाई तक्त्यावरची शेवटची ओळही बिनचूक ओळखते. अशा वेळी ‘नजर चांगली आहे’ म्हणून वाटेला लावणं सोपं. पण दुखणं असतं नजरेपुढच्या अश्रूंच्या थरात.

हा थर जेमतेम 3 मायक्रॉनचा. पापण्यांच्या कडेतल्या मायबोमियन ग्रंथींचं तेल त्यावर पसरतं आणि पाणी उडू देत नाही. थर किती टिकतो हे पाहायला फ्लुरोसिन या रंगाची पट्टी डोळ्याला लावतात. पण पट्टी टेकली की डोळा पाणावतो, आणि जो थर मोजायचा तोच बदलतो.

म्हणून मी आधी प्लासिदोची तबकडी उचलतो. पोर्तुगालच्या प्लासिदोंनी ती 1880च्या सुमारास बनवली, बुबुळाचा आकार पाहायला. पांढऱ्या-काळ्या कड्या, मधोमध भोक. पेशंटची पाठ खिडकीकडे, पंखा बंद. “माय, डोळे ताणू नको. दोनदा मीट, मग उघडे ठेव.” ओल्या बुबुळावर कड्या कोरल्यासारख्या उमटतात. आरसा असतो तो अश्रूंचाच. मी मनात सेकंद मोजतो. मग खालच्या बाजूला एखादी कडी थरथरते, वाकडी होते, तुटते. तिथे थर फाटला. दहा सेकंदांच्या आत फाटला तर डोळा कोरडा असल्याचा संशय पक्का धरायचा.

मोठ्या शहरांत हेच काम केराटोग्राफ करतो. कॅमेरा कड्या टिपतो, संगणक सेकंद सांगतो. इंटरफेरोमेट्री तर तेलाचा थरही दाखवते: पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे रंग, थर पातळ असला तर नुसती राखाडी छटा. इथे मोबाइल भोकाला लावून फोटो काढला तरी निभतं.

तो फोटो मी तिला दाखवतो. पापण्यांना गरम शेक आणि थेंब सांगतो, आणि पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करायलाही. थेंबांची बाटली संपते, मोह मात्र दरवर्षी फुलतो. म्हणून झाडणीचं बोलणं घरच्या माणसांसमोरच करतो. पाला पेटवणारे बहुधा तेच असतात.