पोत्यावर ‘इम्पोर्टेड’ लिहिलंय म्हणून

चि. सुधीर यास,

पेरणी तोंडावर, दुकानात डीएपी खत नाही आणि टेम्पोवाला दारात येऊन दीडशे रुपये कमी सांगतोय. वर पोत्यावर ठळक ‘इम्पोर्टेड’. घेऊ का, असं विचारलंयस. घेऊ नकोस. का, ते सांगतो.

डीएपी मोरोक्को, सौदी, रशियाहून येतंच. म्युरेट ऑफ पोटॅश तर सगळंच बाहेरचं. बंदरात उतरलेल्या खताचे नमुने सरकारी तपासणीला जातात. भानगड होते ती त्यापुढे, कुठल्यातरी गोदामात. नावाजलेल्या कंपनीचं पोतं, आत भलताच माल. तेव्हा देशाचं नाव वाचून हुरळू नकोस. आयातदाराचा इथला पत्ता, घटकांचं प्रमाण, वजन आणि किंमत वाच. शिवण मशीनची हवी. हाताने शिवलेलं आणि शिशाचं सील नसलेलं पोतं घ्यायचं नाही. शिवाय अनुदानाचं खत पॉस मशीनवर ओळख पटवूनच विकावं लागतं. टेम्पोत मशीन आहे का, एवढं विचार, बघ कसा गाडी वळवतो.

आता चुन्याची परीक्षा. थोडे दाणे तळहातावर घे, चुना टाक आणि तंबाखूसारखे मळ. नाकात झणका बसेल असा उग्र वास यायला हवा. (तंबाखू सोडलीस असं ताई म्हणत होती. तसं असेल तर चुना शेजारून आण.) वास आला नाही तर ते डीएपी नव्हे. पण आला म्हणून डीएपीच, असंही नाही. तो वास अमोनियाचा, आणि 20:20:0:13 या खतातही अमोनिया असतो. मग चार दाणे तव्यावर मंद आचेवर ठेव. डीएपीचे दाणे फुगतात, दाणेदार सुपर फॉस्फेटचे फुगत नाहीत. डीएपीत स्फुरद 46 टक्के, साध्या सुपरमध्ये 16. फसवणाऱ्याचा सगळा नफा या फरकात आहे.

लाल पोटॅशच्या नावाखाली रंगवलेलं मीठ खपवतात. खऱ्या पोटॅशचे दाणे ओलावले तरी एकमेकांना चिकटत नाहीत आणि पाण्यात टाकले की लाल अंश वर तरंगतो.

ठिबकच्या विद्राव्य खतांचं मात्र अवघड आहे. ‘सगळं विरघळलं, म्हणजे माल चोख’ असं द्राक्षवाले सर्रास म्हणतात. अरे, मीठही सगळं विरघळतं! गाळ राहिला तर शंका घ्यावी, पण नाही राहिला तर काहीच सिद्ध होत नाही. तिथे प्रयोगशाळाच हवी.

म्हणून परवानाधारक दुकानातून घे आणि पक्कं बिल घे. त्यावर खताचं आणि कंपनीचं नाव, पोत्यांची संख्या हवी. बिल आणि रिकामी पोती पीक हाती येईपर्यंत जपून ठेव. आणि एक पोतं शेवटपर्यंत फोडू नकोस. संशय आला तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दे. खत निरीक्षक रीतसर नमुना घेईल, त्याचे तीन भाग करून सील करेल. तू फोडलेल्या पोत्यातली ओंजळ नेलीस, तर दुकानदार सरळ म्हणेल, हे माझं नव्हेच. खत नियंत्रण आदेश, 1985 आहे खरा, पण कागद नसला तर तो तुझ्या काय कामाचा?

डीएपी मिळेचना, तर सुपर फॉस्फेट आणि थोडा युरिया यावर सोयाबीनचं भागतं. सुपरमधून गंधकही मिळतं. तेव्हा टेम्पोवाल्यामागे धावायची गरज नाही. पुन्हा आला तर गाडीचा नंबर लिहून घे आणि मला फोन कर.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा