शिशाची गोळी

गेल्या वर्षी दिवाळीच्या झाडलोटीत वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. धोतरजोडीखालून तंगुसाचं एक वेटोळं निघालं. टोकाला गंजलेला गळ आणि त्याच्या वीतभर वर बोराएवढी शिशाची गोळी. "हे टाकून देऊ ना?" सौभाग्यवतींनी विचारलं. मी काही न बोलता ते खिशात घातलं आणि सुटीच्या दुसऱ्याच दिवशी सोलापूरच्या एस.टी. स्थानकावर जाऊन उभा राहिलो.

सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर हत्तरसंग कुडलपाशी सीना भीमेला मिळते. भीमेचा पलीकडचा काठ कर्नाटकाचा. मराठीच्या प्राध्यापकाला इथं यायला सबब लागत नाही. इथल्या संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ मधला मराठी लेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. जो वाचील तो विजयी होईल, असा त्याचा आशय. विद्यार्थ्यांच्या सहली घेऊन मी कितीदा आलो आणि हा आशय रंगवून सांगितला! मात्र तिथून दोन कोसांवर असलेल्या आमच्या वस्तीकडे मी कधी बोट दाखवलं नाही.

आम्ही भीमाकाठचे कोळी. मी सोलापूरला शिकत असताना वडील एकदा वसतिगृहावर आले. खांद्यावरच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेले मासे होते. सोबत्यांनी "कोण रे?" म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "गावाकडचे एक गृहस्थ." वडिलांनी ते ऐकलं असावं. पुन्हा ते कधी आले नाहीत. फीचे पैसे तेवढे दर वेळी मनिऑर्डरनं येत राहिले.

वस्तीवर तात्या, माझे धाकटे चुलते, अंगणात बसले होते. मी गोळी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती बोटांत घोळवली आणि म्हणाले, "ही दादाची ओढीच्या पाण्याची. चला मास्तर, दावतो."

उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, तेव्हापासून भीमेची ओढ पुष्कळशी धरणाच्या दारांवर अवलंबून असते. त्या दिवशी पाणी खडकांवर आपटून फेसाळत होतं. अशा पाण्यात मासा टिकतो तरी कसा, असं मी विचारलं. तात्या म्हणाले, "वरनं धावतंय ते बघू नका. तळाला दगडाच्या आडोशाला पाणी निवांत असतंय. मासा तिथं बसून ऱ्हातो. वरनं वाहत येईल ते खातो."

त्यांनी नवा गळ बांधून गांडूळ लावलं आणि दोर वरच्या अंगाला तिरकस फेकला. गोळी जड झाली तर एका जागी बसते, हलकी झाली तर आमिष वरच्या वर वाहून जातं. ती तळाला लागून, पाण्याच्याच चालीनं घरंगळत आडोशापाशी पोचली पाहिजे. दगडाची ठोकर कोणती आणि माशाची कोणती, हे तंगुसाखाली धरलेल्या बोटाला कळावं लागतं.

मला कॉलेजच्या ग्रंथालयात चाळलेलं एक इंग्रजी पुस्तक आठवलं. साहेबलोकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काश्मीरच्या थंड पाण्यात ट्राउट मासा आणून वाढवला. त्याला भुलवायला गळावर पिसांची माशी बांधतात, आणि पाणी फार ओढीचं असलं की ती तळाशी नेण्यासाठी बुडणारी दोरी वापरतात. सोलापूरच्या उन्हात तापलेल्या पाण्यात तो मासा जगायचा नाही. हे सारं मी तात्यांना सांगितलं.

"म्हंजे सायबाचा मासाबी आडोसाच धरतो म्हणायचा," तात्या हसले. मग खडकाकडे बोट करून सहज म्हणाले, "ह्या कपारीत वाम असती. तुमची फी हितनंच निघाली. पाणी कमरेला लागायचं, पर दादा हलायचा न्हाई."

मी चप्पल काढली आणि पाण्यात उतरलो. गुडघाभर पाण्यातच पाय लटपटू लागले. दहा वेळा फेकलं. दहाही वेळा गोळी अडकली नाहीतर वाहून गेली. तात्या काठावरून सांगत होते, "वडू नका. सोडा. तिला तळ लागू द्या." अखेर बोटाखाली दगडासारखं नसलेलं काहीतरी जिवंत हललं.

वाम हातभरच होती. परतीच्या एस.टी.त ती फडक्यात गुंडाळून मी मांडीवर घेतली. वास लपणारा नव्हता. शेजारच्या पांढरपेशा गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "पिशवीत काय आहे हो?"

"मासा आहे," मी म्हणालो. "भीमेतला. माझे वडील मासे धरत असत."

ते गृहस्थ खिडकीकडे सरकले. मी खिशातली गोळी चाचपली.